बेबी पद्मा

१

नाटकाचं काम असलं, मग तालीम असो वा प्रयोग, पद्मावती दुपारी न चुकता झोपायची. गाव कोणतंही असो, उतरायला हॉटेल मिळो की कुणाचं घर, जेवण झालं की डोळ्यांवर पदर ओढून ती घटकाभर पडायची. उठली की तोंडावर पाणी मारायची, केस वर बांधायची आणि घसा मोकळा व्हावा म्हणून एक जुनं भाषण म्हणायची. दुसऱ्या नट्या मिठाच्या गुळण्या करत, खडीसाखर चघळत. हिचं हे भाषण. ते हातात घेतलेल्या नाटकातलं नसायचं. ज्या नाटकातलं होतं, ते आता कोणी करतही नव्हतं. सात वर्षांच्या पोरीच्या तोंडची ती वाक्यं, आणि पद्मावतीने पन्नाशी ओलांडलेली. पण गवयाने तंबोरा जुळवून बघावा तशी ती ही वाक्यं म्हणून बघायची. त्यात रडणं नसायचं, हातवारे नसायचे. नुसता आवाज.

कोरगावातही तिने तेच केलं. जत्रेला गावची मंडळी दरवर्षी नाटक करीत. यंदा आईच्या भूमिकेसाठी त्यांनी तिला मुंबईहून बोलावलं होतं आणि उतरायची सोय गंगाकाकीकडे केली होती. काकी म्हातारी, एकटी. घर काजूच्या बागेला लागून, वस्तीपासून जरा आत. तालमी चालतील तोवर बाईंना शांतता मिळेल, असं मंडळाचे कृष्णनाथ म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठली. काकी मागच्या पडवीत चिंच सोलत बसली होती. सुरीचा आवाज येत होता. पद्मावतीने तोंड पुसलं आणि खिडकीच्या गजांकडे बघत म्हणायला सुरुवात केली.

"आई, पाणी घोट्यापर्यंत आलं. थंड नाही गं, कोमट आहे. तू घराकडे बघ. मी बांधाकडे बघते."

इथे ती नेहमी श्वास घ्यायची. तिने श्वास घेतला. आणि ती पुढचं म्हणणार तोच आतल्या खोलीतून, भिंतीपलीकडून, कोणी तरी ते म्हणालं.

"भ्याले तर हाक मारीन. तू मागे वलू नको."

आवाज लहान मुलीचा होता. मोठा नाही, दबका नाही. पाठ केलेलं म्हणताना मुलं म्हणतात तसा सरळ.

मागच्या पडवीत सुरी चालूच होती.

पद्मावतीला आधी वाटलं, शेजारचं पोर आलं असेल. मग वाटलं, ते जुनं नाटक या टापूत झालेलंच होतं, कुणी तरी शिकवलं असेल. हे सगळं तिने नीट क्रमाने मनात मांडलं. वाक्य तर बरोबर होतं. पण नाटकात 'वळू' होतं. 'वलू' म्हणणारी जगात एकच मुलगी झाली होती, कारण त्या वयात तिच्या जिभेला 'ळ' येत नसे.

२

पद्मावतीचे वडील भिकाजी सावंतवाडीकडचे. गोवा मुक्त झाला आणि दोनेक वर्षांत डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायला म्हणून ते इकडे आले. बायको आधीच वारलेली. सोबत एवढी पोर. खनिजाच्या तांबड्या धुळीने माखलेल्या ट्रकच्या पुढच्या सीटवर ती लहानाची मोठी झाली. खाणीवरच्या कामगारांनी सत्यनारायणाच्या पूजेला नाटक बसवलं, त्यात एक मुलगी हवी होती. दुसरी कोणाची मिळेना म्हणून भिकाजीने आपली उभी केली. त्या नाटकाला बाबुराव आले होते. त्यांची लहानशी नाटक कंपनी पेडणे, डिचोली, सावंतवाडी या टापूत फिरायची. त्यांनी पोरीला बघितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक अड्ड्यावर येऊन उभे राहिले.

'बांधावरची पोर' हे नाटक बाबुरावांनी तिच्यासाठीच लिहिलं. खाडीचं पाणी अडवणारा बांध दर वर्षी फुटतो, आणि तो राहावा म्हणून एका पोरीला त्यावर उभी करून गाव घरी जातो, अशी त्याची गोष्ट. शेवटी रंगमंचावर ती एकटीच. हळूहळू दिवा मंद व्हायचा आणि ती ते भाषण म्हणायची. बायका तोंडात पदर कोंबायच्या. काही अर्ध्यावर उठून जायच्या. 'वलू' दुरुस्त करायला बाबुरावांनी सक्त मनाई केली होती.

जाहिरातीत नाव यायचं 'बेबी पद्मा'. अख्ख्या पेडणे महालात तिच्याएवढं मोठं नाव दुसरं नव्हतं.

मग ते गेलं. कसं गेलं, कोणालाच कळलं नाही. आठव्या वर्षी एकदा ती तापाने फणफणली, आणि बरी होऊन परत उभी राहिली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. शब्द बरोबर, 'ळ' सुद्धा आलेला, चाल तीच. पण समोर बसलेली बाई रडेना. बाबुरावांनी दिवा बदलून बघितला, पेटी बदलून बघितली. भिकाजी म्हणायचे, "मोठा झाला चेडू, दुसरा काय."

पुढे तिने पुष्कळ काम केलं. नायिका झाली, मुंबईला गेली, मग वहिनी, मग सासू. मालिकांत तर रोज घराघरांत दिसू लागली. लग्न केलं, ते मोडलं. तिच्या कामाला कोणी नावं ठेवली नाहीत. वेळेवर येणारी, पाठांतर चोख, कुठे अडायचं नाही. पण रडायच्या प्रसंगाला डोळ्यांत ग्लिसरीन घालावं लागायचं. भिकाजी गेले तेव्हाही ती कोरडीच होती. चितेजवळ उभी राहून ती आठवण्याचा प्रयत्न करत होती की रडताना आधी काय होतं, घसा दाटतो की नाक. आणि जुनी माणसं भेटली की तेच म्हणत, "लहानपणी काय करायचीस गं तू!"

याला ती हसून मान डोलवायची. त्या दिवसांतलं तिला फारसं आठवत नसे.

३

"काकी, घरात आणखी कोण आहे का?" तिने संध्याकाळी विचारलं.

गंगाकाकी चुलीपाशी होती. ऐंशीच्या घरातली बाई, पण पाठ ताठ. तिने फुंकणी खाली ठेवली.

"कित्याक?"

"दुपारी आवाज आला. मुलीचा."

"येतलो," काकी म्हणाली. "पाठ करता ता." आणि फुंकणी उचलून पुन्हा चुलीत फुंकू लागली, जसं काही मांजर कुठे आहे असं कोणी विचारलं होतं.

पद्मावतीने ठरवलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. एकटी राहणाऱ्या माणसांचं होतं असं. पण म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून आपल्याला आवाज का यावा, हा प्रश्न तिने बाजूला ठेवला.

घरात तीन खोल्या होत्या. बाहेरची, जिथे तिची खाट होती, स्वयंपाकघर, आणि मधली. मधल्या खोलीच्या दाराला फुलाफुलांचा पडदा होता, धुऊन धुऊन पांढरा पडलेला. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत आला की काकी पोया घ्यायची. चहा व्हायचा. मग थोड्या वेळाने उकड्या तांदळाची पेज. काकी एक वाटी पद्मावतीपुढे ठेवायची, एक स्वतःला घ्यायची, आणि तिसरी, लहान, पितळेची, फुंकून निववून पडद्याआड नेऊन ठेवायची. सोबत लोणच्याची एक फोड, धुतलेली. पोराला तिखट लागू नये म्हणून धुतात तशी.

वाटी परत यायची ती रिकामी.

तिसऱ्या दिवशी पद्मावतीने मुद्दाम पाहिलं. काकी विहिरीवर होती. वाटी पडद्यापाशी पडली होती आणि तळाला पेजेचा एक पातळ ओघळ, बोटाने पुसून खाल्लेला. मुंग्या खातील, मांजर खाईल, पण बोटाची रेघ कोण ओढील?

त्याच वेळी आत ठक, ठक, असा आवाज सुरू झाला. लाकडावर टाच आपटल्याचा. फार जोरात नाही. ठक, ठक, मग थांबून ठक.

तिला एकदम आपल्या डाव्या टाचेची जाणीव झाली. जिना चढल्यावर होते तशी, दुखरी.

पडदा दोन हातांवर होता. तो बाजूला सारायला काहीच लागत नव्हतं. ती बाहेर अंगणात गेली आणि काकी येईपर्यंत उन्हात उभी राहिली.

४

कृष्णनाथ पेडण्याच्या बँकेत होते आणि निवृत्तीला आले होते. नाटक म्हणजे त्यांचा जीव. त्या दिवशी तालीम लवकर आटपली, तेव्हा देवळाच्या मंडपात चहा पिता पिता पद्मावतीने सहज विचारावं तसं विचारलं, "या काकींना मूलबाळ नव्हतं का हो?"

"होतां. एक चेडू. शांता." त्यांनी कप खाली ठेवला. "तुमका खरंच कायच आठवणा नाय, बाई?"

"काय आठवायचं?"

कृष्णनाथांनी इकडेतिकडे बघितलं. मग सांगितलं. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेताच्या बांधात मानस असते, खाडीचं पाणी आतबाहेर सोडायचं लाकडी दार. तिथे खेकडे धरायला गेलेली शांता पाण्यात गेली. आठ वर्षांची होती. ते झालं पावसाआधी, आणि त्याच वर्षी जत्रेला बाबुरावांची कंपनी आली, ते नाटक घेऊन.

"गावान सांगल्यान, ह्या नाटक हंय नको. पण गंगाकाकी स्वतः म्हणाली, होऊ दे. पुढे बसली ती. मी माझ्या आवशीबरोबर, काकीच्या बाजूक. सगळी बायलमाणसां रडत होती. ती रडूक नाय. तुमच्याकडे बघीत होती फक्त."

"मग?"

"मग तुमका ताप भरलो. कंपनी तेरेखोलाक जावची होती, भिकाजीक ट्रकाची ड्युटी. काकी म्हणाली, चेडू माझ्याकडे ठेवा. पाच-सात दिवस तुम्ही त्या घरात होतात. ताप उतरलो तसो भिकाजी इलो आणि घेऊन गेलो."

पद्मावती चहाच्या कपाकडे बघत राहिली. ताप आठवत होता. डोक्यावर गार फडकं आठवत होतं, कौलांमधल्या काचेतून पडणारा उजेडाचा चौकोन आठवत होता. हे डिचोलीच्या खोलीत झालं असं ती आयुष्यभर धरून चालली होती. डिचोलीच्या खोलीला पत्रे होते.

"मग मला तिच्याच घरी का उतरवलंत?" तिने विचारलं. आवाज हवा होता त्यापेक्षा कडक आला.

"मी नाय, बाई. तुमका बोलवायचा ठरला तेव्हा काकी स्वतः माझ्याकडे चालत इली. म्हणाली, ती येतली ती माझ्याकडेच रवतली. चाळीस वर्सांत तिणे कोणाकडे काय मागूक नाय. नाय कसा म्हणू?"

५

त्या संध्याकाळी काकी आपण होऊन तिच्या खाटेशी येऊन जमिनीवर बसली. दिवेलागण नुकतीच झाली होती. दूर वस्तीत आपल्या पायरीवर बसून कोणी तरी रस्त्याने जाणाऱ्याशी गाईबद्दल बोलत होतं, तो आवाज इथवर येत होता.

"तुका कळला मगे," काकी म्हणाली.

पद्मावती म्हणाली, "माका कायच कळूक नाय, काकी." भिकाजी गेल्यापासून ही बोली तिच्या तोंडात आली नव्हती. आता तिला दुसरी सुचेना.

काकीने पदराने गुडघे झाकून घेतले. ती सावकाश बोलली, कुणाला दोष न देता.

"तुजो बापूस बरो माणूस. तेका घाई होती. तू निजलेलंय. मी म्हटलंय, भिकाजी, हाक मार, जागा कर, मगे घेऊन जा. निजलेल्या पोराक तसाच उचलू नये. तो म्हणालो, निजू दे गे वयनी, तापातून उठलाहा. आणि खांद्यार टाकून घेऊन गेलो. मी दारात उभी. गाडी गेली. मी मागे फिरलंय तर आत टाच आपटता." ती थांबली. "पेटाऱ्यार बसून तू पाठ करी ना, तशी."

"काकी..."

"मी भियालंय नाय. खोटा कित्याक सांगू? माका बरा वाटला. माझा गेला होता, माका एक गावला. ह्या बरोबर नाय, तेका बापूस आसा, माका ठावक होता. आज सांगूया, उद्या सांगूया. सांगूक नाय मी. ता मोठा जाणा नाय. भांडणा नाय. पेज खाता, पाठ करता. दिसाक एकदा इचारता, तितकाच."

"काय विचारतं?"

काकीने पद्मावतीचा हात धरला. म्हातारीची बोटं लाकडासारखी होती.

"मी आता किती दीस? माझ्या मागे तेका पेज कोण देतला? ता तुजा आसा. तू घेऊन जा."

बाहेर गाईबद्दलचं बोलणं संपलं होतं. पद्मावतीला ओरडून सांगायचं होतं की म्हातारे, तुझ्या डोक्यात काही तरी बिघडलंय आणि तू माझ्याही डोक्यात ते घालते आहेस. त्याऐवजी ती एवढंच म्हणाली, "उद्या प्रयोग आहे. झाला की बघू."

६

प्रयोगाच्या दिवशी दुपारी ती झोपली नाही. काकी देवळात गेली होती. घरात ऊन भरलं होतं, कोंबड्या अंगण उकरत होत्या. यापेक्षा निर्धोक वेळ कोणती असणार, असं मनाशी म्हणत पद्मावती उठली आणि पडद्यापाशी गेली.

टाच वाजत होती.

तिने पडदा बाजूला केला नाही. कडेने एक बोटभर सरकवला.

आत काळोख होता असं म्हणता यायचं नाही. कौलांत एक काच होती, तिच्यातून उजेडाचा चौकोन पेटाऱ्यावर पडला होता. त्या चौकोनात जेवढं येत होतं तेवढंच तिला दिसलं. परकराची कड. तिला लावलेली खोट्या जरीची पट्टी, एका बाजूने उसवलेली. एक बारीक पाय, आणि खाली-वर होणारी टाच. वरचा भाग उजेडाबाहेर होता. तिथे कोणी तरी बसलं होतं आणि पाठ तिच्याकडे होती. एक वेणी सुटत आलेली. तेलाचा आणि सफेद्याचा वास आला, स्वस्त रंगाचा, जो आता कोणी तोंडाला लावत नाही.

पद्मावती चाळीस वर्षं रंगमंचावर उभी राहिली होती. समोरच्या अंधारात माणूस असला की तिला ते अंगाने कळायचं. या खोलीत माणूस होतं. आणि त्या खोलीत जे होतं ते तिच्यात नव्हतं, हेही तिला तिथेच, त्या घटकेला कळलं. सगळ्या भूमिका, सगळ्या टाळ्या आणि बापाच्या चितेपुढचा तो कोरडेपणा, या सगळ्यांत जी एक जागा पोकळ वाजायची, ती इथे भरलेली बसली होती आणि टाच आपटत होती.

टाच थांबली.

"बाबा इले?" त्या पाठीने विचारलं.

विचारण्यात तक्रार नव्हती. रोज विचारायचं ते आज विचारलं, एवढंच.

ते कसे येणार, हे या पोरीला सांगायचं तर कोणत्या शब्दांत? आणि नुसतं हो म्हटलं तर ती मान वळवील, आणि मग ते तोंड बघावं लागेल. पद्मावतीने बोट काढून घेतलं. पडदा जागेवर आला. मग टाच पुन्हा सुरू झाली.

प्रयोग चांगला झाला. कृष्णनाथांचे डोळे पाणावले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बॅग भरली. काकी पायरीवर उभी होती. गाडी सुटताना पद्मावतीने खिडकीतून बघितलं, तर ती पाठमोरी आत चालली होती, हातात पितळेची वाटी.

७

काकी गेल्याचा फोन पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आला. कृष्णनाथ म्हणाले, झोपेतच गेली, हाल झाले नाहीत. घर आता तिच्या वाळपईच्या पुतण्याचं. तो पाडून नवीन बांधणार. सामान काढायला माणसं येणार आहेत. "तुमका कळवूया म्हटला," एवढं बोलून ते घुटमळले. "बाई, ती शेवटी शेवटी सारखी तुमची वाट बघी."

"पेज कोण ठेवतंय?" पद्मावतीच्या तोंडून गेलं.

"काय म्हणालात?"

"काही नाही. मी येते. मी येईपर्यंत घराला हात लावू देऊ नका."

रेल्वेत ती खिडकीशी बसून राहिली. एक मालिका चालू होती, ती तिने अर्ध्यावर टाकली होती. त्या पोरीने रोज विचारलं असेल. कोणी उत्तर दिलं नसेल. आणि आता तर विचारायलाही समोर कोणी नाही.

कृष्णनाथ किल्ली घेऊन अंगणात उभे होते. दुपार होती. दार उघडलं तसा बंद घराचा वास आला. चूल गार. विहिरीची दोरी दारामागे गुंडाळून ठेवलेली. "तुम्ही इथेच थांबा," असं सांगून ती आत गेली आणि पडद्यासमोर उभी राहिली.

टाच वाजत होती, पण पूर्वीसारखी नाही. फार वेळाने एकदा. ठक. मग कितीतरी वेळ काही नाही.

"पदू," तिने लहानपणीच्या नावाने हाक मारली.

आवाज थांबला. तिने श्वास धरला. "पदू, ये बाहेर. मी आलेय."

आतून काहीच आलं नाही. मग पुन्हा, ठक. ओळख नव्हती. या आवाजाची पोरीला ओळख असणार तरी कशी? तो तिने पुढे कमावला होता, मुंबईला, पुष्कळ मेहनतीने.

पद्मावती मागे सरली. तिने चपला काढल्या. डोळे मिटून ती भिकाजी कसे उभे राहायचे ते आठवू लागली. दिवसभर ट्रक चालवून उतरले की ते उजव्या पायावर भार देत नसत. एक हात दाराच्या चौकटीवर वर ठेवायचे आणि मान जराशी पुढे. ती तशी उभी राहिली. खांदे जड झाले. छातीत खाणीची धूळ बसल्यासारखं झालं. आजवर तिने त्यांची नक्कल कधी केली नव्हती, पोरांना हसवायला म्हणूनही नाही. ही नक्कल नव्हतीच. तिने तोंड उघडलं आणि तंबाखूने जाड झालेला, दमलेला, मायेचा एक आवाज घरात घुमला.

"पदूऽऽ! उठ गे बाय. गाडी भायर उबी आसा. चल, घराक जाऊया."

पेटाऱ्यावरून कोणी तरी उडी मारली.

पडदा फुगला. पद्मावती खाली वाकली, दोन्ही हात पसरले. इतक्या वर्षांची ती पोकळ जागा हाताएवढ्या अंतरावर आली होती. सफेद्याचा वास आला, तापातून उठलेल्या पोराच्या अंगाची ऊब आली, परकराची जर तिच्या मनगटाला घासली. तिने हात मिटले.

हातात काही आलं नाही. पोर तिच्या कोपराखालून गेली होती.

पावलं बाहेरच्या खोलीतून धावली, पायरीवरून उतरली. ती पोर आवाजाकडे आली नव्हती. गाडीकडे धावली होती. बाहेर उभी आहे म्हणून सांगितलेल्या गाडीकडे.

"थांब!" पद्मावती ओरडली, आता स्वतःच्या आवाजात. "अगं थांब, गाडी नाहीये!"

ती अनवाणी धावली. कृष्णनाथ दचकून बाजूला झाले. अंगण, फाटक, काजूच्या पाचोळ्यातून जाणारी वाट. पावलं पुढे होती, हलकी, भरभर, कुठे अडखळत नव्हती. दिसत काही नव्हतं, फक्त पाचोळा जागोजाग दबत होता. वाट संपून तांबड्या मातीचा रस्ता लागला, आणि पावलं वळणाकडे गेली. पद्मावतीला धाप लागली. तिला त्या वळणावरचा मोकळा रस्ता दिसत होता, आणि आता पोर तिथे पोचेल, इकडे बघेल, तिकडे बघेल, हे तिला आत्ताच सोसवेनासं झालं होतं.

वळणाशी पावलं थांबली.

दमून थांबतात तशी नाही. धावत आलेल्या पोराला समोरून कोणी वरच्या वर उचलून घेतलं, की शेवटचं पाऊल पडायचं राहून जातं. तशी.

पद्मावती वळणापर्यंत गेली. रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता. एक म्हैस शेतात चरत होती. उन्हात मातीचा एक पातळ लोट उभा होता, गाडी गेल्यावर राहतो तसा, आणि तो सावकाश खाली बसत होता.

कृष्णनाथ मागून आले. त्यांच्या हातात तिच्या चपला होत्या. "बाई," ते घाबरून म्हणाले, "कोण होतां? मी काकीच्या घरात भिकाजीचो आवाज ऐकलंय."



"बाबा आले होते," ती म्हणाली. "तिला घेऊन गेले."

कृष्णनाथांनी चपला तिच्या पायाशी ठेवल्या. त्या घालायचं तिला सुचलं नाही. लोट पुरता बसला आणि रस्ता लांबवर स्वच्छ दिसू लागला, तरी ती तिथेच उभी होती, एक हात जरासा वर धरून, कुणी परत फिरून आपल्यालाही हाक मारील म्हणून.